मातीच्या कुंड्या रंगवताना: गेरू की अ‍ॅक्रेलिक?

कमी खर्चात साध्या कुंड्या सजवायच्या असतील तर माझं मत गेरूला. गेरूची पुडी अगदी थोड्या पैशांत मिळते. रात्री भिजत घालायचा, सकाळी त्यात दोन चमचे फेव्हिकॉल घालून ताकाइतका पातळ करायचा आणि कोरड्या कुंडीवर जुन्या ब्रशने दोन हात द्यायचे. वाळला की बांबूच्या काडीचं टोक ठेचून पांढऱ्या रंगाने वारली चित्रं काढायची. पालघरकडच्या वारली घरांत ती भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. अशी माणसं हातात हात देऊन कुंडीभोवती काढली की तारपा नाचाचा फेर तयार! गोल कुंडीवर तो फेर इतका शोभतो, की बघतच राहावं.

अ‍ॅक्रेलिक महाग, पण हवा तो रंग मिळतो आणि पावसात गेरूसारखा धुऊन जात नाही. अडचण मातीची आहे. कुंडी पाणी पिते, ओल बाहेर झिरपते, रंगाखाली क्षार साचतात आणि पापुद्रे सुटतात. माझ्या तुळशीच्या कुंडीचा काठ एका पावसाळ्यात सोलला. तेव्हापासून मी फक्त मधला पट्टा रंगवते, बाकी माती उघडी ठेवते.

प्लास्टिकच्या कुंडीवर मात्र गेरू टिकत नाही. तिथे पॉलिश पेपर घासून अ‍ॅक्रेलिकच लावा.

उघड्या गच्चीवर अ‍ॅक्रेलिक, छपराखाली गेरू. गेरू फिका पडलाच, तर दिवाळीच्या आधी आणखी एक हात द्यायचा.