दीड जीबीच्या नेटपॅकवर विकत घेतलेला सिनेमा: कॉम्प्युटरवर कुणाचा चालतो, कुणाचा नाही

बेळगाव शहरात घरी फायबरची लाइन असेल तर हे परीक्षण वाचायची फारशी गरज नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या किंवा निपाणी-चिकोडीच्या आडगावच्या ज्या घरांत सगळं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि रोज दीड-दोन जीबीत भागवावं लागतं, त्यांच्यासाठी हे आहे. रीतसर पैसे मोजून घेतलेला सिनेमा लॅपटॉपमध्ये एकदा साठवायचा आणि पुढे नेट नसतानाही बघायचा, एवढीच अपेक्षा. ती पुरी करणारी दुकानं मात्र मोजकी आहेत.

यूट्यूबपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची पहिली खरेदी तिथेच होते. सिनेमे विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात, गूगल प्लेवर पूर्वी घेतलेले सिनेमेही आता तिथे दिसतात. पण विकत घेतलेला सिनेमा विंडोजच्या लॅपटॉपवर साठवता येत नाही. डाउनलोडची सोय फोन आणि टॅबलेटच्या अॅपमध्ये आहे. लॅपटॉपवर बघायचं म्हटलं की प्रत्येक वेळी पहिल्यापासून डेटा जाणार, आणि एचडी दर्जात तासाला दीड ते तीन जीबी सहज उडतात. फोनवर बघणार असाल तर खुशाल घ्या, कॉम्प्युटरसाठी घेऊ नका.

मायक्रोसॉफ्टने १८ जुलै २०२५ पासून सिनेमे विकणं बंद केलं. आधी घेतलेले त्यांच्या मूव्हीज अँड टीव्ही अॅपमध्ये अजून चालतात, नवीन खरेदी नाही. नेटफ्लिक्स हे वर्गणीचं काम, तिथे विकत काहीच मिळत नाही. शिवाय २०२४ मध्ये त्यांच्या विंडोज अॅपमधून डाउनलोडची सोयच काढून टाकली, हे वर्गणी भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

राहिलं अॅपल. आयफोन किंवा मॅक नसला तरी चालतं. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती (२२एच२) किंवा विंडोज ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘अॅपल टीव्ही’ हे अॅप फुकट मिळतं. अॅपल खातं उघडायचं, यूपीआय जोडायचं, सिनेमा घ्यायचा. मग लायब्ररीत जाऊन सिनेमावर माउस नेला की ढग आणि बाणाचं चिन्ह दिसतं, ते दाबलं की डाउनलोड सुरू. कामाच्या दृष्टीने आजच्या घडीला विंडोजवर हेच सगळ्यात भरवशाचं. उणीव एकच, पण मोठी: मराठी सिनेमे तिथे फार कमी आहेत. हवा तो सिनेमा आहे का, हे खातं उघडण्याआधी शोधून बघा.

आता आकडे. दोन तासांचा सिनेमा एचडीत साधारण ४ ते ५ जीबी भरतो, कमी दर्जात दीड ते दोन. फोर-के (एचडीहून वरचा दर्जा) म्हणून घेतलेला सिनेमाही कॉम्प्युटरवर जास्तीत जास्त एचडीतच उतरतो, त्यामुळे त्या नावाला भुलू नका. रोजच्या दीड जीबीत एचडी सिनेमा एका दमात बसत नाही. डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने १ जीबी उतरायला साधारण ३५ तास लागतात. म्हणून रात्री अकराच्या सुमारास सुरू करा: आजचा उरलेला डेटा आधी वापरला जातो आणि बारानंतर उद्याचा कोटा मिळतो. दोन्ही मिळून कमी दर्जाचा सिनेमा आरामात उतरतो. एचडीच हवा असेल तर वरचा डेटा पॅक मारा, नाहीतर लॅपटॉप घेऊन टिळकवाडी-शहापूरला फायबर असलेल्या पाहुण्यांकडे जा. दहा एमबीपीएसच्या वेगाने साडेचार जीबीला तासभर पुरतो.

डेटा सिनेमाआधी दुसरंच कुणी खाऊन टाकतं, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. हॉटस्पॉट जोडला की विंडोज स्वतःची अपडेट्स ओढायला लागतं, वनड्राइव्ह फोटो चढवायला लागतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वाय-फाय, तिथे त्या जोडणीची प्रॉपर्टीज उघडा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. ही खूण त्या एका हॉटस्पॉटपुरतीच असते. घरातल्या दुसऱ्या फोनला जोडलंत की पुन्हा करावी लागते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांतलं ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ही (आपल्या नेटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरना अपडेट्स पाठवायची सोय) बंद ठेवा.

डाउनलोड मध्येच थांबतं त्याची कारणंही ठरलेली: लॅपटॉप झोपतो, किंवा कुणी जोडलेलं नाही असं समजून फोन हॉटस्पॉट बंद करतो. चार्जिंगवर असताना स्लीप ‘नेव्हर’ करा, फोनमधला हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा पर्याय काढून टाका. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात करंट जातो तेव्हा टॉवरची रेंजही डळमळते. म्हणून जून ते सप्टेंबरात बघायचे सिनेमे मे महिन्यातच उतरवून ठेवलेले चांगले. तुटलेलं डाउनलोड बहुतेक वेळा तिथूनच पुढे सुरू होतं, घाबरून काढून टाकू नका.

उतरल्यावर वाय-फाय बंद करून दोन मिनिटं चालवून बघाच. पण भाड्याच्या सिनेमावर हे करू नका: भाड्याने घेतलेला सिनेमा सुरू करायला ३० दिवस असतात आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तासांचं घड्याळ चालू होतं.

अॅपलच्या एका खात्यावर पाच कॉम्प्युटरवर सिनेमे चालवायची परवानगी मिळते, म्हणून लॅपटॉप विकण्याआधी त्याची परवानगी काढून घ्या. फाइल पेनड्राइव्हवर टाकताना जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा आहे असं समजा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट करा, आत असलेलं आधी काढून ठेवा. ही नक्कल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालणार नाही, तरी ती ठेवाच. सिनेमा उद्या दुकानातून निघाला तर तो पुन्हा उतरवता येईलच असं नाही.

जुना प्रोजेक्टर व्हीजीए केबलने जोडलात तर पडदा काळा राहील, कारण विकत घेतलेल्या एचडी सिनेमाला कॉपी-संरक्षण असलेली एचडीएमआय जोडणी लागते. आणि हा सिनेमा घरच्यांसाठी असतो. गणपतीत मंडळाच्या मांडवात दाखवायचा तर वितरकाची वेगळी परवानगी लागते.

जुन्या मराठी सिनेमांसाठी आमचं मत वेगळं आहे: मूळ डीव्हीडी किंवा व्हीसीडी मिळत असेल तर तीच घ्या. डेटा शून्य, खातं नको, परवानगी नको. आजकालच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा लागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवायची सोय आयती येत नाही, व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका, तो व्हीसीडीही वाचतो. डीव्हीडी ठरावीक देशांच्या गटापुरतीच चालते, त्या गटाला रीजन म्हणतात; तिच्यावर भारताचा रीजन ५ किंवा सर्व रीजन लिहिलेलं आहे का बघा. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, त्यामुळे परदेशातून आलेली एखादी डिस्क चालवण्यासाठी तो उगाच बदलू नका.