सिल्फ्रातील डायव्हिंग: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी अभिप्राय

आइसलँडच्या थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात, उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. जळगावच्या आम्हा पोहणाऱ्या मंडळींनी तिथल्या एका संस्थेसोबत स्कूबा डायव्हिंग केले आणि ही सेवा आम्हाला मनापासून आवडली, ती मुख्यतः पाण्यात उतरण्यापूर्वी घेतलेल्या काळजीमुळे.

लांगयोकुल हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकांतून 30 ते 100 वर्षे झिरपत इथे पोहोचते, त्यामुळे पाण्याखाली 100 मीटरहून लांबचे दिसते. पावसाळ्यातली गढूळ तापी पाहत वाढलेल्यांचा प्रथम डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तो बसू नये हेच बरे, कारण अशा पाण्यात नजर फसते. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातली वस्तू मुळातच जवळ आणि मोठी दिसते. त्यात गढूळपणा नसल्याने आपण खोल चाललो आहोत याची जाणीव करून देणारा अंधारही इथे होत नाही. तळाचे दगड हाताशी आल्यासारखे वाटतात आणि आपण मात्र खाली जात राहतो. खोलीची मर्यादा 18 मीटर आहे. आमच्या गाइडने हा धोका आधीच समजावून सांगितला आणि पाण्यातही ती वारंवार मनगटावरच्या, खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बोट दाखवत राहिली.

पाणी वर्षभर 2 ते 4 अंश सेल्सिअस असते, म्हणून ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडे ठेवणारा जलरोधक पोशाख, अनिवार्य आहे. सूट चढवताना मानेभोवतीच्या रबरी पट्टीखाली अडकलेला एकेक केस गाइडने बोटाने बाहेर काढला, कारण तेवढ्या फटीतूनही बर्फगार पाणी आत शिरते. हातमोजे मात्र भिजतातच आणि बोटे लवकर बधिर होतात. मे महिन्यातल्या जळगावहून गेलेल्या माणसाने याची मनाची तयारी ठेवावी. मासे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ते काळे कातळ, हिरवेगार शेवाळ आणि ‘कॅथेड्रल’ या भागातला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेत मावणारा निळा पट्टा.

एक त्रुटी सांगणे आवश्यक आहे. उंची, वजन आणि पायाचे माप आधी कळवूनही आमच्यातील एका ताईंना सैल सूट मिळाला, त्यातली हवा पायांकडे जमा होऊ लागली आणि त्यांना तोल सांभाळणे जड गेले. गाइडने तत्काळ त्यांना उथळ भागात नेले हे खरे, परंतु ही अडचण काठावरच दूर व्हायला हवी होती.

डायव्हिंगच्या प्रमाणपत्राबरोबर ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा त्यातील नोंदलेला अनुभवही मागितला जातो. केवळ अंदमानात शिकून गेलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. असे प्रमाणपत्र किंवा अनुभव नसेल आणि पोहता येत असेल, तर स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगत पाहणे, निवडावे, कारण इतक्या नितळ पाण्यात भेगेचा बराच भाग पृष्ठभागावरूनही स्पष्ट दिसतो. शरीरयष्टी लहान असल्यास योग्य मापाचा सूट उपलब्ध आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.