चामोर्शीतील एक अभ्यासिका : तीन वर्षांचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीच्या बसस्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, एका किराणा दुकानाच्या माडीवर ही अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, प्रत्येक टेबलाला प्लायवूडची आडभिंत, एक इन्व्हर्टर आणि सकाळी ६ ते रात्री ११ अशी वेळ. महिन्याचे शुल्क ५०० रुपये. मी येथे तीन वर्षे बसलो आणि दुसऱ्या प्रयत्नात पोलीस शिपाई म्हणून निवडला गेलो, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल.

मी मुलचेरा तालुक्यातील बंगाली वसाहतीतला. पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या कित्येक कुटुंबांप्रमाणे माझे आजोबाही रायपूरजवळच्या माना छावणीतून इकडे आले, तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. वडील सायकलवर मासळी विकत. घरात माणसे सहा, खोली एक आणि दिवाही एकच. अशा घरातल्या मुलाला कोणीही हाक मारणार नाही असे सलग चार तास ५०० रुपयांत मिळत असतील, तर ते महाग नाहीत.

तरीही या जागेचा खरा उपयोग मला फलकावर न लिहिलेल्या गोष्टीने झाला. माझी प्राथमिक शाळा बंगाली माध्यमाची होती आणि बंगालीत नामाला व्याकरणिक लिंग नसते. त्यामुळे तो फळा, ती वही आणि ते पुस्तक हा भेद मला बारावीनंतरही चुकवी. पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि चालू घडामोडींच्या जोडीला मराठी व्याकरण असते, आणि पहिल्या वेळी माझे तेथेच पाणी झाले. संध्याकाळी येथे एक निवृत्त गुरुजी वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांनी मला कोणतेही नाम एकटे लिहू दिले नाही. ‘खिडकी’ नव्हे ‘ती खिडकी’, ‘दार’ नव्हे ‘ते दार’, अशा दोन वह्या भरल्या. गुरुजी अभ्यासिकेचे नोकर नाहीत, तेव्हा ही सोय गृहीत धरून कोणी पैसे भरू नयेत.

अभ्यासिका चालवणारे भाऊ हिशेबाला पक्के असले तरी माणूस पाहून सवलत देतात. आमची नमःशूद्र जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडते, महाराष्ट्राच्या यादीत मात्र ती नाही. त्यामुळे माझा अर्ज आणि अर्जाचे शुल्क दोन्ही खुल्या प्रवर्गाचे. अर्ज भरायचा महिना आला की भाऊ आपले ५०० रुपये पुढच्या महिन्यावर ढकलत. मे महिन्यात आम्ही तेंदूपत्ता तोडायला घरी जात असू, तेव्हा त्यांनी माझी खुर्ची पैसे न घेता राखून ठेवली.

उणिवाही आहेत. चाळीस जणांना एकच स्वच्छतागृह आहे. प्रश्नपत्रिका संचांची उत्तरांची पाने कोणीतरी फाडून नेलेली आहेत. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत रस्त्यावरच्या गर्दीमुळे अभ्यास होत नाही, पण त्याला भाऊ काय करणार! खरी तक्रार मुलींच्या शुल्काची आहे. शेवटची बस गाठण्यासाठी त्यांना साडेपाचलाच उठावे लागते, म्हणजे संध्याकाळचा सर्व वेळ आणि गुरुजीही त्यांच्या वाट्याला येत नाहीत; तरी शुल्क आमच्याइतकेच. हे मी भाऊंना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा ते हसले.

माझी खिडकीजवळची जागा आता धाकट्या बहिणीकडे आहे आणि तीही साडेपाचलाच उठते. भरतीची जाहिरात निघाल्यावर येथे जागा मिळत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चौकशी करावी, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.