लाकडी ‘जार्दिनिएरा’ म्हणून विकलेली पत्र्याची गाडी

इटलीतून लाकडी बांध्याची जुनी गाडी विकत घेऊ पाहणाऱ्यांना माझ्या बाबतीत घडलेला प्रकार ठाऊक असावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तुरिनजवळच्या जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने मला फियाट ५०० सी ‘बेल्वेदेरे’ ही पूर्ण पत्र्याची गाडी लाकडी ‘जार्दिनिएरा’ म्हणून विकली.

ही लबाडी कळण्यासाठी आधी या दोन गाड्या कळायला हव्यात. महायुद्धानंतर इटलीत पोलादाची चणचण होती आणि थोड्याशा गाड्यांसाठी पत्र्याचे साचे बनवणे परवडत नसे. म्हणून तुरिनच्या विओत्तीसारख्या बांधणीकारांनी फियाट ११०० वर लाकडी सांगाड्याच्या कौटुंबिक गाड्या बांधल्या (कुर्ल्यात तयार झालेली आपली पद्मिनी पुढे याच ११०० च्या घराण्यात जन्मली). खुद्द फियाटने १९४८ मध्ये दोन आसनी ‘तोपोलिनो’वरून (फियाट ५०० चे हे टोपणनाव) चार आसनी जार्दिनिएरा काढली, तिचा मागचा सांगाडा लाकडाचा आणि त्यातले फलक मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचे, असत. १९५१ मध्ये तिची जागा बेल्वेदेरेने घेतली. ही सगळी पत्र्याची, परंतु तिच्या पत्र्यावरही लाकडी चौकटीची आठवण करून देणारे उंचवटे काढलेले असत आणि ते निराळ्या रंगाने रंगवलेले असत. ५६९ सीसीचे इंजिन मात्र तेच. लाकूड ओलाव्याने कुजत असल्याने अस्सल लाकडी गाड्या कमी उरल्या आणि त्यांचा भाव चढला. त्यामुळे बेल्वेदेरेच्या उंचवट्यांवर पातळ लाकडी पट्ट्या चिकटवून वरचा पैसा उकळण्याचा मोह लबाड माणसाला होतो.

विक्रेता अत्यंत सौजन्याने वागला. मूळ नोंदणीपुस्तिका हस्तांतरणासाठी एजन्सीकडे गेली आहे, असे सांगून त्याने तिची झेरॉक्स दाखवली, जिच्यावर पहिल्या नोंदणीचे साल नेमके पुसट होते. करारात ‘पाहिली आणि पसंत पडली’ हे तिथल्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सर्रास आढळणारे कलम होते.

गाडी ताब्यात आल्यावर मागच्या दाराच्या खालच्या पट्टीजवळ व्हार्निश फुगलेले दिसले, म्हणून मी ती जुन्या गाड्यांची लाकडी कामे करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेली. त्याने काही न बोलता खिशातले लोहचुंबक पट्टीवर टेकवले, आणि ते लाकडाला चिकटून राहिले. मग त्याने पटाशीने कोपरा उचकटला. खाली तपकिरी रंगाचा पत्र्याचा उंचवटा होता, त्यावर पिवळट गोंदाचा थर, आणि सांध्यांवर जे जुने स्क्रू दिसत होते त्यांची नुसती डोकी कापून बसवलेली होती. ज्याने हे केले तो कसबी होता, आणि तेच कसब त्याने एखादी कुजलेली खरी गाडी वाचवायला वापरले नाही, याचे मला पैशांइतकेच दुःख झाले. पुढे सरकारी वाहन नोंदवहीतून काढलेल्या इतिहासउताऱ्यात पहिली नोंदणी १९५३ ची निघाली.

विक्रेत्याने ‘पाहिली आणि पसंत पडली’ या कलमाकडे बोट दाखवले, म्हणजे दोषांची हमी त्याच्यावर नाही, असे त्याचे म्हणणे. परंतु इटलीच्या दिवाणी संहितेच्या १४९० व्या कलमानुसार विकणाऱ्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल, तर अशी हमीमुक्ती निरर्थक ठरते. आणि १४९५ वे कलम दोष उघड झाल्यापासून आठ दिवसांत विक्रेत्याला कळवण्यास सांगते. ही मुदत फार महत्त्वाची आहे. कारागिराचा लेखी अहवाल आणि छायाचित्रे जोडून मी मुदतीतच नोंदणीकृत पत्र पाठवले. वकिलांच्या पत्रव्यवहारानंतर त्याने गाडी परत घेतली आणि किंमतही परत केली. वाहतुकीचा, हस्तांतरणाचा व वकिलाचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला.

ती गाडी पट्ट्यांसकट आता पुन्हा त्याच्याकडे आहे. तुरिनच्या पिएमोंते प्रांतात अशी जार्दिनिएरा तुम्हाला कोणी दाखवली, तर मूळ नोंदणीपुस्तिका हातात घेतल्याशिवाय आणि सगळ्या पट्ट्यांवरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय एक युरोही देऊ नका. मागच्या दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पटाशीची खूण आहे; ती बुजवलेली असली तरी बोटाला लागेल.