एक्सेल, शीट्स की कॅल्क? फॉर्म्युले शिकायला कुठे बसावं

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो, तुर्भ्याचं गोदाम असो, वाशीच्या बाजार समितीतला गाळा असो की नेरुळच्या सोसायटीचं ऑफिस, "एक्सेल येतं का?" या प्रश्नामागे मागणी ठरलेली असते. पगारपत्रक चुकू नये, जीएसटीची बिलं जुळावीत, मेंटेनन्सचा हिशेब पैशापर्यंत बरोबर यावा. म्हणून मायक्रोसॉफ्ट एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रे ऑफिसचं कॅल्क हे तीन प्रोग्राम इथे याच कामांवर तपासले आहेत. फंक्शन कोणाकडे जास्त, ही कसोटी नाही. शिकणाऱ्याकडून चूक झाली तर प्रोग्राम ती दाखवतो की झाकतो, ही कसोटी आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. पहिला महिना कॅल्कवर काढा, नंतर एक्सेलवर जा. शीट्स चारजणांत फाइल फिरवायला घ्या, पाया घालायला नको. (खालचे फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना फंक्शनची नावं, सेलचे पत्ते आणि आकडे इंग्रजीत घ्यायचे.)

कॅल्कला पहिला नंबर देण्याचं कारण एकच सोय आहे, आणि ती अनेकांना माहीत नसते. कंट्रोल धरून एफ८ दाबा, किंवा व्ह्यू मेनूतून व्हॅल्यू हायलाइटिंग चालू करा. आकडे निळे होतात, मजकूर काळा, फॉर्म्युले हिरवे. स्प्रेडशीटमधल्या बहुतेक चुका फंक्शन न आल्याने होत नाहीत. आकड्यासारखा दिसणारा मजकूर आकडा समजून वापरल्याने होतात. पगाराच्या रकान्यात सगळं निळं आणि मध्येच एक काळं दिसलं, की चूक तिथेच सापडली.

एक काळा सेल काय करतो ते महाराष्ट्राच्या व्यवसाय करावर पाहू. पुरुषांना महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २००. स्त्रियांना २५,००० पर्यंत काही नाही, त्यापुढे २००. बी रकान्यात "पुरुष" किंवा "स्त्री" आणि सी रकान्यात पगार असेल तर फॉर्म्युला असा होतो:

=इफ(बी२="स्त्री",इफ(सी२<=२५०००,०,२००),इफ(सी२<=७५००,०,इफ(सी२<=१००००,१७५,२००)))

हे उत्तर ई रकान्यात आणि महिन्याचा क्रमांक डी रकान्यात ठेवा. फेब्रुवारीत २०० वाल्यांचे ३०० होतात, म्हणजे वर्षाचे २,५००. १७५ वाल्यांना फेब्रुवारीतही १७५ च. त्यासाठी पुढच्या रकान्यात =इफ(अँड(डी२=२,ई२=२००),३००,ई२).

आता सी२ मध्ये ७००० आहे, पण तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर म्हणून आला आहे. एक्सेलमध्ये तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणजे "७,५०० किंवा कमी" खोटं, "१०,००० किंवा कमी" हेही खोटं, आणि ज्याला शून्य कर त्याचे २०० कापले जातात. लाल अक्षरात एरर येत नाही, उत्तर अगदी सभ्य दिसतं. वर सम फंक्शन तोच सेल बेरजेतून गुपचूप वगळतं, म्हणजे एकूण पगारही ७,००० ने कमी. बी रकान्यात "स्त्री" च्या मागे एक स्पेस राहिली, तर १८,००० पगाराच्या बाईंना पुरुषांची पायरी लागून २०० गेले. त्यावर उपाय म्हणजे डेटा व्हॅलिडेशनमधून "पुरुष" आणि "स्त्री" अशी यादी लावून टाकणं. मात्र कॉपी-पेस्ट केलेला मजकूर ही यादी अडवत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

एक्सेल अशा सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवतं, पण शिकाऊ माणूस तो नक्षी समजून सोडून देतो. शिवाय मजकूर डावीकडे आणि आकडा उजवीकडे बसतो ही उपजत खूण आपणच पुसतो, कारण फाइल हातात आली की पहिलं काम म्हणजे सगळे रकाने मधोमध करणं. तसं करू नका. आकड्यांचं अलाइनमेंट जसं आहे तसं राहू द्या.

मजकुराचा आकडा करायची रीत अशी: रिकाम्या सेलमध्ये १ लिहा, कॉपी करा, रकाना निवडा, पेस्ट स्पेशलमध्ये मल्टिप्लाय. निवडीत रिकामे सेल आले तर त्यांत ० बसतो, म्हणून भरलेलेच सेल निवडा. एवढं करूनही काही सेल हटत नसतील तर त्यांत वेबपानावरून आलेली न तुटणारी स्पेस असते, तिचा कोड १६०. ट्रिम फंक्शन ती काढत नाही. =ट्रिम(सब्स्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"")) लागतं. जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं विवरण आणि आपलं खरेदी रजिस्टर यांतले बिल क्रमांक डोळ्यांना सारखे दिसूनही जुळत नाहीत, तेव्हा सर्वांत आधी हे करून पाहावं.

जीएसटीतलीच आणखी एक चूक मन लावून शिकण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. तुम्हीही महाराष्ट्रातलेच, तर गिऱ्हाइकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचे) लावायचा की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा), हे ठरवायला बहुतेकजण =इफ(लेफ्ट(बी२,२)=२७,"राज्यातला","बाहेरचा") लिहितात. मग कळव्याचं गिऱ्हाईकसुद्धा परराज्यातलं ठरतं. लेफ्ट फंक्शनचं उत्तर नेहमी मजकूर असतं, आणि मजकूर "२७" म्हणजे आकडा २७ नव्हे. अवतरणचिन्हांत "२७" लिहिलं की काम होतं. एक्सेलमध्ये हे समजून घ्यायची सुरेख सोय आहे: फॉर्म्युला बारमध्ये फक्त लेफ्टचा तुकडा निवडून एफ९ दाबा, तेवढ्याचं उत्तर अवतरणचिन्हांसकट दिसतं. बाहेर पडताना एस्केप दाबायचं. एंटर दाबलं तर तो तुकडा कायमचा उत्तरात बदलतो आणि फॉर्म्युला मेला. लांब फॉर्म्युला असेल तर फॉर्म्युलाज टॅबमधलं इव्हॅल्युएट फॉर्म्युला पायरीपायरीने उलगडून दाखवतं. या दोन्हींमुळे शिकण्याच्या दुसऱ्या टप्प्यावर एक्सेल पुढे निघून जातं.

व्हीलुकअप म्हणजे यादीत नाव शोधून त्याच्या ओळीतली माहिती आणणारं फंक्शन. त्याबद्दल एक ठाम मत: शेवटचं फॉल्स लिहिल्याशिवाय ते शिकवूच नये. ते वगळलं तर जवळपासचं उत्तर चालेल असं प्रोग्राम गृहीत धरतो, आणि त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली लागते. बाजार समितीच्या भावांची यादी तशी कधीच नसते. त्यात कांदा, बटाटा, लसूण आवक होईल त्या क्रमाने येतात. उत्तर येतं, एरर येत नाही, आणि बटाट्याला लसणाचा भाव लागू शकतो. दुसरी अडचण रकान्याच्या क्रमांकाची. फॉर्म्युल्यात ३ लिहिलं आणि कोणी मध्ये "तोलाई" चा रकाना घुसवला, की तो ३ भलत्याच रकान्याकडे बोट दाखवतो.

एक्सलुकअपमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत. ते नेमकंच जुळवतं आणि रकाना थेट निवडायचा असतो. पण ते एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. या दोन जुन्या आवृत्त्यांचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तरी त्या असलेली मशीन अजून वापरात आहेत. तिथे तुमच्या फाइलमध्ये नेमचा एरर, म्हणजे हे फंक्शन ओळखत नाही असा शेरा, दिसेल. शीट्समध्ये एक्सलुकअप २०२२ मध्ये आलं, कॅल्कमध्ये २४.८ आवृत्तीपासून. म्हणून इंडेक्स आणि मॅच यांची जोडी (मॅच ओळ शोधतं, इंडेक्स तिथली माहिती आणतं) शिकूनच ठेवा, ती सगळीकडे चालते.

सोसायटीच्या बिलावर डॉलरचं चिन्ह, म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला तरी सेलचा पत्ता जागचा हलू न देणारी खूण, शिकावं, इतकं ते उदाहरण चपखल आहे. सदनिका भाड्याने दिली असेल तर सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के नॉन ऑक्युपन्सी शुल्क घेता येतं. १० टक्के बी१ मध्ये लिहा आणि पाचव्या ओळीपासून =इफ(डी५="भाडेकरू",राउंड(सी५*$बी$१,०),०) असं खाली ओढा. डॉलर विसरलात तर पुढची ओळ बी२ कडे पाहते, ती रिकामी असली तर शुल्क शून्य. त्याच्या पुढची बी३ कडे, तिथे सोसायटीचं नाव असलं तर व्हॅल्यूचा एरर. फॉर्म्युल्यात पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर लागतात, लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन सोबत दाबावं लागतं. थकबाकीवरच्या व्याजाचा दरही असाच एका सेलमध्ये ठेवायचा. सभेने तो बदलला तर एकच आकडा बदलायचा, दीडशे फॉर्म्युले नाहीत.

फॉर्मॅटिंग आणि गोलाई यांतला फरक बहुतेक शिकवण्यांत घाईत उरकला जातो, आणि सभेतले वाद तिथूनच उठतात. ४९.९५ रुपयांवर ९ टक्के म्हणजे ४.४९५५. दोन दशांश दाखवले तर ४.५० दिसतं. अशा तीन ओळींची बेरीज कागदावर १३.५०, पण एक्सेल दाखवतं १३.४९. प्रोग्राम बरोबर आहे, त्याने खरे आकडे मिळवले. छापलेलं बिल मात्र चुकलेलं दिसतं. प्रत्येक ओळीवरच =राउंड(सी२*९%,२) लावा. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) अंशदान पुढच्या पूर्ण रुपयात घ्यायचं असतं, तिथे राउंड चालत नाही, राउंडअप लागतं.

लाख-कोटीचे स्वल्पविराम एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगमधून घेतं. तिथे इंग्लिश (इंडिया) निवडलं की १२,३४,५६७ असं दिसतं. तीच फाइल अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर १,२३४,५६७ दाखवते. लोकांमध्ये फिरणारा कस्टम फॉर्मॅट (आकडा कसा दिसावा याचा आपण लिहिलेला साचा) [>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##० चांगला आहे, पण ऋण आकडे तिसऱ्या भागात पडतात आणि उणे पाच लाख -५००,००० असे छापले जातात. सूचनाफलकावर मराठी आकडे हवे असतील तर एक्सेलमध्ये [$-४०००४३९]० हा फॉर्मॅट लावा. आतला आकडा आकडाच राहतो, बेरीज बिघडत नाही. "अक्षरी रुपये" मात्र एक्सेलमध्ये तयार मिळत नाही. थाई बाटचं फंक्शन आहे, रुपयाचं नाही.

मर्ज अँड सेंटरची सवय मोडा. त्याने सॉर्ट अडतं आणि रकाना निवडता येत नाही. फॉर्मॅट सेल्समधल्या अलाइनमेंटमध्ये सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे, दिसायला तेच.

बँकेच्या स्टेटमेंटमधल्या तारखांना वेगळा अर्धा तास द्या. अमेरिकन सेटिंगवर ०५/०४ म्हणजे ४ मे होतो, आणि १३/०४ ला तेरावा महिना नसल्याने तो मजकूर म्हणून डावीकडे पडून राहतो. अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या बिनकामाच्या. टेक्स्ट टू कॉलम्सच्या तिसऱ्या पायरीत डेट निवडून डीएमवाय करा, पण तारखा अजून मजकूर असतानाच, कारण एकदा चुकीची बदललेली तारीख त्याने सुधारत नाही. खाते क्रमांकांचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. एक्सेल १५ अंकच सांभाळतं, सोळावा शून्य होतो आणि परत मिळत नाही. टेक्स्ट केलं तरी दुबार नोंदी मोजायला वापरलं जाणारं काउंटइफ फंक्शन त्यांना आकडे समजून पहिले १५ सारखे असलेले क्रमांक दुबार धरतं. तिथे =समप्रॉडक्ट(--($ए$२:$ए$२००=ए२)) वापरा.

जुन्या एक्सएलएस प्रकारात फाइल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सावध राहा. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या प्रकारात १०,४८,५७६. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०२० मध्ये याच जुन्या मर्यादेपायी कोविडच्या १५,८४१ नोंदी वेळेवर नोंदवल्या नाहीत.

शीट्सबद्दल थोडक्यात. कमिटीतल्या पाचजणांनी एकच फाइल भरायची असेल तर त्याला तोड नाही. कोणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, आणि फॉर्म्युला लिहिता लिहिता उत्तराची झलक मिळते. नवी फाइल केली की फाइल, सेटिंग्ज, लोकेलमध्ये इंडिया करा, नाहीतर तारखांचा वरचाच घोळ. साधा फिल्टर लावला तर तो सगळ्यांच्या पडद्यावर लागतो, म्हणून फिल्टर व्ह्यू वापरा. पाया घालायला शीट्स का नको, तर आकडा-मजकूर ओळखायची कॅल्कसारखी रंगीत सोय त्यात नाही. क्वेरी आणि इम्पोर्टरेंज या शीट्सच्याच फंक्शनांची सवय लागली तर ती एक्सेलमध्ये उपयोगी पडत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर शीट बघावी, फॉर्म्युले शिकू नयेत.

कॅल्कच्या उणिवाही मोठ्या आहेत. पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती आणून साफ करायची एक्सेलची सोय) नाही, एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) पूर्ण चालतीलच असं नाही, आणि कंट्रोल-टी वाल्या टेबलांची मजा तिथे येत नाही. म्हणून महिन्याभरात एक्सेलवर जायचंच. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ब्राउझरमधली आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात मॅक्रो चालत नाहीत, पण या लेखातले फॉर्म्युले चालतात. कॅल्कमध्ये मराठी नावांचा फॉन्ट बदलत नाही असं वाटलं तर कॅरेक्टरच्या चौकटीत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा वेगळा भाग असतो, तिथे तो बदला. आणि फाइल साठवताना तो कुठला प्रकार ठेवायचा ते विचारतो, तेव्हा एक्सएलएसएक्स ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनवर तीच फाइल उघडून पुढे शिकता येईल.