एमआरआय सेंटर: रिसेप्शन वैताग, आतली ताई एक नंबर

आईच्या कमरेचा एमआरआय होता आणि तिला बंद जागेची जाम भीती. रिसेप्शनवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "काही होत नाही हो काकू, टेन्शन नका घेऊ." झालं, आई अजूनच घाबरली. असला धीर न दिलेला बरा.

आतली टेक्निशियन ताई मात्र भारी. आधी पेसमेकर, अंगातलं मेटल, दागिने सगळं नीट विचारलं, मग म्हणाली की यात एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, मशीन दोन्ही बाजूंनी उघडं असतं, ठोकल्यासारखा मोठा आवाज येईल पण तो मशीनचा नेहमीचाच आहे, फक्त हलू नका नाहीतर फोटो धूसर येतात. कानात बोळे दिले आणि हातात रबरी फुगा, तो दाबला की आम्ही लगेच थांबवतो म्हणाली. आईने तो एकदाही दाबला नाही पण शेवटपर्यंत मुठीत घट्ट धरून होती! मधेमधे माइकवरून "आता चार मिनिटांचा आवाज येईल काकू" असं सांगत पण होती.

बाहेर आल्यावर आईने विचारलंच, सगळं ठीक आहे ना? त्यावर ताईने उगाच हो न म्हणता, रेडिओलॉजिस्ट बघून रिपोर्ट देतील, असं सरळ सांगितलं, मला तेच आवडलं.

एसी फार गार आहे, चादर मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.