रानडुकराची पिल्लं विकत घेऊन मी फसलो

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. निवृत्त होऊन मुंबई सोडली, तेव्हा घरामागची दीड एकर जागा नुसती पडून होती. ओळखीतून एक माणूस आला. म्हणाला, "काका, वराहपालन करा, पण साध्या डुकरांचं नको, रानडुकराच्या क्रॉसचं करा. गोव्यात मटणाला गिऱ्हाईक आहे, तयार माल मीच उचलणार."

रानडुक्कर पाळता येत नाही एवढं मलाही ठाऊक होतं, तसं बोललोही. त्याने पिशवीतून तीन कागद काढले. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार, उद्यम नोंदणीचं (लघुउद्योगाच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र आणि वनखात्याच्या गोल शिक्क्याची एक झेरॉक्स. "घरी पैदास झालेली आहेत, कायदा लागत नाही." मी शिक्का बघितला, वरचा मजकूर वाचला नाही. आठ पिल्लांचे १ लाख २० हजार रुपये दिले, त्यातले ऐंशी हजार रोख.

पिल्लं रात्री दोन वाजता आली, पिकअपमध्ये भाजीच्या क्रेटखाली. तेव्हाच शंका यायला हवी होती. सकाळी उजेडात पाहिलं तर सगळ्यांच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत पिवळसर पट्टे, खारीच्या पाठीवर असतात तसे, म्हणजे रानडुकराचीच पिल्लं. एकाच्या मागच्या पायाला तारेचा काचा पडला होता, मांस उघडं पडून माशा बसत होत्या. आमच्याकडे फासकीत, म्हणजे शिकारीच्या फासात, सापडलेल्या जनावराला असाच काचा पडतो. घरी पैदास झालेल्या पिल्लाला तो कुठून येणार?

फोन केला तर त्याचा आवाज बदललेला. "तक्रार करून बघा. जनावर तुमच्या आवारात आहे, आत तुम्हीच जाल." दोन दिवसांनी वनखात्यात 'मिटवायला' म्हणून आणखी चाळीस हजार मागितले. त्याचा खरा धंदा हाच आहे. बेकायदा वस्तू गळ्यात मारायची, म्हणजे घेणारा भीतीने तोंड उघडत नाही. चार रात्री मला झोप नव्हती. शेवटी बायको म्हणाली, "तो सांगण्याआधी आपणच सांगू या." मी १९२६ या वनखात्याच्या नंबरवर फोन केला.

वनपाल आले, पंचनामा झाला, पिल्लं ताब्यात घेतली. त्यांनी ती झेरॉक्स मला वाचून दाखवली. दुसऱ्या तालुक्यातल्या कुणा शेतकऱ्याला पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर मारायला मिळालेली ती परवानगी होती, ठरावीक दिवसांपुरती. पकडून पाळायचा त्यात शब्दही नव्हता. उद्यम नोंदणी तर कुणीही फुकटात ऑनलाइन करू शकतो, तो कसलाच परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत येतं. ते धरणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बेकायदा पकडलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता, म्हणजे मी पैसे मोजून काहीच विकत घेतलं नव्हतं.

स्वतःहून कळवल्याची नोंद जबाबात झाली, वकील म्हणतात ती उपयोगी पडेल. पोलिसांत फसवणुकीची तक्रारही दिली आहे. रोख रकमेची पावती नाही, म्हणून ती अडली आहे.

ज्यांना खरंच वराहपालन करायचं आहे, त्यांनी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जाऊन विचारावं. यॉर्कशायरसारख्या पाळीव जातींसाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे. तिथे कुणी रात्री माल आणून टाकत नाही.

परवा लांज्याहून एकाचा फोन आला. त्यालाही तोच करार दाखवलाय, तीच शिक्क्याची झेरॉक्स. त्याने निम्मे पैसे दिलेत, पिल्लं अजून यायची आहेत. मी त्याला म्हटलं, दारात गाडी उतरवून घेऊ नका, आधी वनखात्याला फोन करा.